गट नंबर ई

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार रशीद सरांचे आहेत. आणि हार्ड डिस्कच्या नकाशावर उत्तर दिशेचा बाण काढणारा माणूसही मी तेवढा एकच पाहिला.

सर मोजणी खात्यातून निवृत्त झाले आणि महाडला घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी कॉम्प्युटरचा क्लास काढला. कॉम्प्युटर एक, विद्यार्थी आठ. तीस वर्षं जमिनी मोजलेल्या माणसाला डिस्क म्हणजेही जमीनच वाटे. तिच्या भागांना ते ‘गट’ म्हणत. सी गटात विंडोज, डी गटात विद्यार्थ्यांच्या फायली, ई गट रिकामा. हे सगळं आलेखाच्या कागदावर पेन्सिलीनं, अगदी प्रमाणात काढून भिंतीला लावलेलं होतं.

“सर, डिस्क तर गोल फिरते. तिला उत्तर कुठली?” मी एकदा विचारलं.

“नकाशा आहे ना? मग उत्तर दाखवावी लागते. बस खाली.”

हद्द बदलायची तर आधी सगळ्या खातेदारांना नोटीस, हा त्यांचा नियम. एकदा डी गट जरासा लहान करायचा होता, तर दारावर कागद लागला: ‘ज्यांच्या फायली डी गटात आहेत त्यांनी सात दिवसांत हरकत नोंदवावी.’ पोलादपूरचा सुनील म्हणाला, “सर, माऊसला मोजणीची साखळी बांधू का?” सर हसले नाहीत. “हरकत लेखी दे,” म्हणाले.

मी कुडपणचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. पदवी मिळाली, पण कॉम्प्युटर मला सरांनीच शिकवला. हवा तेव्हा सराव करता यावा म्हणून क्लासची किल्लीही त्यांनी माझ्याकडे दिली होती. अशात मुंबईच्या एका कंपनीनं मुलाखतीला बोलावलं. लिनक्स येणारा माणूस त्यांना हवा होता. माझ्या हातात पाच दिवस होते आणि एका मासिकाबरोबर आलेल्या लिनक्सच्या सीड्या होत्या. विंडोज न पुसता तिच्या शेजारी लिनक्स बसवायचं, तर डिस्कवर जागा मोकळी करायला हवी होती.

“डीमधून काढू,” सर म्हणाले. “मुलांच्या फायली सीडीवर घे, मग हद्द सरकव. नोटीस आजच लावतो.”

“सात दिवस कुठून आणू सर? आणि ई रिकामा आहे की!”

“तो सलीमचा आहे, नकाशावर नाव आहे. त्याला हात लावायचा नाही.”

सलीम त्यांचा मुलगा. तीन वर्षं मस्कतला होता. मस्कतच्या माणसाला महाडच्या डिस्कवर जागा कशाला, असं मला वाटलं. सरांच्या आणखी एका लहरीत मी ते जमा केलं.

दुसऱ्या दिवशी सर लग्नाला दासगावला गेले. मी ई गट दोनदा उघडून पाहिला. एकही फाइल नव्हती. पुसताना इन्स्टॉलरनं विचारलं, नक्की? मी हो म्हटलं आणि तिथं लिनक्स बसवून त्याला माझं नाव दिलं.

संध्याकाळी सर आले. पडद्यावरचं माझं नाव वाचलं. मग भिंतीवरचा कागद उतरवला, सलीमचं नाव खोडरबरानं पुसलं आणि तिथं माझं लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच वळणदार.

“रिकामाच होता,” म्हणाले. “कर सराव.”

मुलाखतीत डिस्कचे भाग कसे पाडायचे, हेच विचारलं. मी फळ्यावर नकाशा काढला आणि सवयीनं उत्तरेचा बाणही काढला. साहेब लोक खूप हसले. नोकरी लागली.

दिवाळीला पेढे घेऊन गेलो तेव्हा सर मशिदीत होते. चाचींनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, चहा टाकला आणि सहज सांगावं तसं सांगितलं, “सलीम येऊन गेला रे. भांडूनच मस्कतला गेलेला ना तो. हे मोजणीचीच नोकरी कर म्हणाले, त्याला नको होती. निघताना हे म्हणालेले, जा, पण मशीनवर तुझी जागा तशीच ठेवतो. गेल्या महिन्यात आला तो आल्या आल्या मशीन लावून बसला. पडद्यावर तुझं नाव. अब्बा, माझी जागा कुठं हाय, म्हणाला.”

“मग सर?”

“म्हणाले, मीच दिली विनायकला. पोरगा महिनाभर राहणार होता, आठव्या दिवशी गेला.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुझ्यावर रागावले नाय हां ते. बिस्कीट घे.”

सर येईपर्यंत थांबायचा धीर मला झाला नाही. मुंबईला पोचल्यावर लिहिलं:

‘आदरणीय सर,
सा. न.
माझ्या हातून काय झालं ते चाचींकडून कळलं. ती जागा तुम्ही मला दिली नव्हती. तुम्ही नको म्हणालात आणि तुमच्या पाठीमागे मी ती घेतली. मला वाचवायला तुम्ही स्वतःच्या मुलाशी खोटं बोललात. मला नोकरी मिळाली आणि तुमचा मुलगा आठ दिवसांत परत गेला, हे कसं फेडू ते मला कळत नाही. सलीमभाईंचा पत्ता मी चाचींकडून घेतला आहे. जे खरं घडलं ते सगळं त्यांना आजच लिहिलं आहे. ते तुम्हाला विचारतील. सर, एवढी एक विनंती आहे: त्या वेळी तरी माझी बाजू घेऊ नका.
आपला,
विनायक’