तक्रारखिडकीतलं बुजगावणं

वेंडेल प्रूएटने आयुष्यात स्वतःहून घेतलेले निर्णय फारच थोडे, आणि त्यातले बरेचसे लोर्नाने, म्हणजे त्याच्या बायकोने, नंतर रद्द केलेले. तरी हॅलोवीनच्या, म्हणजे भुताखेतांची सोंगं घ्यायच्या सणाच्या सकाळी, तिला फोनही न करता, त्याने एक निर्णय घेतलाच: थोडा वेळ आपणच बुजगावणं होऊन बसायचं.

त्याची अडचण समजून घ्यायला हवी. ओहायोतल्या डनमोर्टन गावच्या पाणीखात्यात तक्रारखिडकीवर माणसं दोनच, वेंडेल आणि ट्विला. नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आठवड्यात दोघांनाही रजा हवी, आणि खिडकीवर एक जण तर हवाच. दरवर्षी यावरून जुंपायची आणि दरवर्षी ट्विला जिंकायची. यंदा मात्र वेंडेलला मिनेसोटात लेकीकडे जायचं होतं. ऑगस्टात झालेला नातू त्याने अजून फोनवरच पाहिला होता. (नातू त्याही अंतरावरून आजोबांना बघून भोकाड पसरायचा, पण ते असो.) खात्याच्या मुख्य नॉर्माबाईंनी कटकट एकदाची मिटवली.

"हॅलोवीनला ज्याचं टेबल जास्त छान सजेल त्याला रजा. यावर चर्चा नाही."

ट्विलाने टेबलाची चेटकिणीची चूल करून टाकली. काळी कढई, तिच्यातून धूर, छताला वटवाघळं, आणि सगळ्यांना लाच म्हणून सफरचंदाचे डोनट. वेंडेलच्या मदतीला लोर्ना धावली. तिने गोणपाटांत अंगणातला पालापाचोळा कोंबून, त्यांना त्याचे जुने कपडे घालून झकास बुजगावणं केलं, वर कोरलेल्या भोपळ्याचं डोकं. ते खुर्चीत बसवायचं आणि मांडीवर गोळ्या-चॉकलेटांचा वाडगा ठेवायचा, अशी योजना होती.

भोपळा ऑफिसच्या पायऱ्यांवर निसटला आणि खाली पोचेपर्यंत त्याची भाजी झाली.

आता बिनडोक बुजगावणं कोण बघणार? वेंडेलने ते धड कपाटात कोंबलं, त्याचे कपडे स्वतःच्या अंगावर चढवले, डोक्यावर एक जास्तीचं गोणपाट ओढलं आणि वाडगा मांडीवर घेऊन तक्रारखिडकीशी बसला. नॉर्माबाई गोळी उचलायला हात घालतील, आपण तो हात धरू, त्या किंचाळतील, रजा आपली.

नॉर्माबाई आल्या. त्या मधमाशी झाल्या होत्या. अंगावर पिवळेकाळे पट्टे, पाठीला पंख, कपाळावर दोन मिशा, आणि चेहरा नेहमीचाच, अंदाजपत्रक मांडतानाचा.

"वेंडेल कुठाय?"

"सकाळपासून पत्ता नाही," चेटकीण झालेली ट्विला म्हणाली. "काही अडलंय का त्याच्यावाचून?"

नॉर्माबाईंनी जरा आठवून पाहिलं. "नाही."

तेवढ्यात खिडकीशी ऑर्विल आजोबा उगवले. हे दर महिन्याला यायचे, भांडायचे, आणि वेंडेलने नियम समजावला की आणखी भांडायचे. चष्मा आणायला ते नेहमीप्रमाणे विसरले होते.

"एवढं बिल? मी काय घरात हत्ती पाळलाय? अहो, एकटा जीव मी! आंघोळसुद्धा शनिवारची!"

वेंडेलच्या जिभेवर नियम आला. त्याने तो गिळला. नातवासाठी माणूस काय वाटेल ते गिळतो. आजोबा बिलावरून गळक्या नळावर आले, नळावरून सुनेवर, सुनेवरून गुडघ्यावर. गोणपाट हलेना की बोलेना. शेवटी आजोबांचा आवाज बसला.

"आभारी आहे बरं का," ते हळवे होऊन म्हणाले. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी मधे न बोलता ऐकून घेतलं." त्यांनी वाडग्यातली मूठभर चॉकलेटं घेतली आणि चक्क शीळ घालत गेले.

नॉर्माबाई हे सगळं बघत होत्या. "हुबेहूब जमलंय हो. ते पडलेले खांदे, ते पोट..."

"वेंडेलपेक्षा जरा चुणचुणीत वाटतंय," ट्विला कुरकुरली. हार दिसायला लागली होती तिला.

"ठरलं तर. पहिला नंबर वेंडेलचा," म्हणत नॉर्माबाईंनी वाडग्यात हात घातला.

वेंडेलने इथे गप्प बसायला हवं होतं. पण आनंद माणसाला सुचू देत नाही. त्याने हात पकडला आणि "भूऽऽ!" करून ओरडला.

ट्विला किंचाळली. नॉर्माबाईंच्या मिशासुद्धा हलल्या नाहीत. त्यांनी दुसऱ्या हाताने गोणपाट उचललं.

"वेंडेल?"

"मीच मॅडम! जिंकलो ना?"

"सजावट कुठाय?"

"ही काय! मी!"

"खुर्चीत वेंडेल बसलाय," नॉर्माबाई शांतपणे म्हणाल्या. "तो वर्षभर बसतो. याला सजावट म्हणत नाहीत. रजा ट्विलाला."

वेंडेलला मनापासून वाईट वाटलं. त्याने नातवाचा विषय काढला, तेव्हा ट्विलाने डोनट पुढे केला. रजा नाही पुढे केली. नॉर्माबाई मात्र आजोबा गेले त्या दाराकडे बघत विचारात पडल्या होत्या.

"ते खरं बुजगावणं आहे का अजून?"

"कपाटात आहे. पण डोकं नाही त्याला."

"चालेल. आजवर चाललंच की. त्या आठवड्यात तेच बसेल खिडकीवर. दोघंही जा."

पाणीखात्यात असं कधी झालं नव्हतं. लोर्नाने बुजगावण्याला उशीचं डोकं शिवून दिलं, वर वेंडेलची जुनी टोपी, आणि नवराबायको मिनेसोटाला गेली. नातू दोन दिवस रडला, तिसऱ्या दिवशी आजोबांच्या मांडीवर झोपला. वेंडेलने तिथून उठायचं नावच घेतलं नाही.

परतल्यावर सोमवारी तो उत्साहात खिडकीवर बसला. समोर ऑर्विल आजोबा, हातात बिल. वेंडेलने तोंडभर हसून विचारलं, "बोला आजोबा, काय तक्रार?"

आजोबा डोळे बारीक करून त्याच्याकडे बघत राहिले.

"गेल्या आठवड्यातले ते साहेब कुठे गेले?"

"ते तात्पुरते होते, आजोबा."

आजोबांनी मोठा सुस्कारा सोडला आणि बिलाची घडी करून खिशात घातली.

"चांगली माणसं टिकवताच येत नाहीत या खात्याला."