हुपरीकरांचं घर जतला जातं

घरातल्या घरात सायकल मारायला तिच्या मागच्या चाकाला ट्रेनर नावाचा स्टँड लावतात; स्वस्तातल्या ट्रेनरवर सायकल मारली की सायकल जागेवर राहते आणि घर पुढे जातं. महागातला ट्रेनर घेतला तर तसं होत नाही, म्हणून ज्यांना परवडतं ते महागातला घेतात. ज्यांना परवडत नाही ते सकाळी पाच किलोमीटर पुढे जातात, मग सायकल उलटी फिरवून पाच किलोमीटर मागे येतात आणि आंघोळीला लागतात. मिरजेत अशी शे-दोनशे घरं सहज असतील. दूधवाले आणि पेपरवाले त्यांच्या वेळा सांभाळूनच फिरतात.

अच्युतराव हुपरीकरांना वयाच्या सहासष्टाव्या वर्षापर्यंत ट्रेनरची गरज पडली नव्हती. हायस्कुलात तीस वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झालेला माणूस. व्यायाम म्हणजे मंडईपर्यंत चालत जाणं आणि भाजीच्या निमित्ताने दोन ठिकाणी टेकणं. त्यांच्या पत्नी शालन दोन वर्षं अंथरुणावर होत्या. मणक्याचं दुखणं. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की कुठल्याही गाडीत घालायचं नाही, अॅम्ब्युलन्समध्येसुद्धा नाही. एक गचका बसला तर निभावणार नाही.

शालनची थोरली बहीण, अक्का, जतला असे. वय एक्क्याऐंशी. आई लवकर गेल्यावर शालनला तिनेच वाढवलेलं. त्या आठवड्यात अक्काजवळ राहणाऱ्या भाचीचा, भावाच्या मुलीचा, फोन आला की अक्काने अन्न सोडलंय, डॉक्टर दहा-बारा दिवस म्हणतात. फोन अक्काच्या कानाला लावून काही उपयोग नव्हता. कानाशी तोंड नेऊन मोठ्याने बोललं तरच तिला समजायचं.  त्या दिवशी शालनने दोन्ही वेळचं ताट तसंच परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी अच्युतराव इक्बालभाई मुजावरांच्या सायकलच्या दुकानासमोर उभे होते.

"सर, तीन प्रकार येतात," इक्बालभाई म्हणाले. "हा सगळ्यात भारी. मागचं चाक काढायचं, चेन सरळ मशीनवर बसते. घर एक इंच हलत नाही. हा मधला. चाक रोलरवर टेकतं, आत चुंबक असतं. घर महिन्याला हात-दोन हात सरकतं, तेवढं चालतंय लोकांना. आणि हा साधा. रोलर नि स्प्रिंग, बाकी काही नाही. खरं सांगू का, ओळखीच्या माणसाला मी हा देत नाही. तुम्ही दहा मारले तर दहाच्या दहा किलोमीटर घर जातं."

"हाच द्या," अच्युतराव म्हणाले.

इक्बालभाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "कुठं जायचंय?"

"जतला."

"अठ्ठ्याहत्तर किलोमीटर. कवठ्याच्या पुढं चढ लागतात, सर."

"गचके बसतात का?"

"खाली जाड रबरी मॅट टाका. कपातला चहा हलणार नाही. टायर मात्र खास ट्रेनरचा घ्या, कडक येतो. साध्या टायरचा रोलरवर भुगा होतो."

टायरची किंमत ऐकून अच्युतरावांनी टायर राहू द्या म्हटलं. इक्बालभाईंनी आग्रह केला नाही. कुणीतरी परत टाकून गेलेली एक जुनी गिअरची सायकल त्यांनी ट्रेनरबरोबर तशीच दिली. "पहिली दहा मिनिटं हळू मारा," ते म्हणाले, "समोर पंखा ठेवा, हँडलवर टॉवेल टाका. आणि दिवसाउजेडीच चालवा. अंधारात घराला मागं लाल दिवा लागतो."

खरी अडचण भिंतीची होती. हुपरीकरांचं घर म्हणजे जोडबंगल्याचं अर्धं. मधली भिंत सामाईक. घर निघालं की पलीकडचं अर्धंही निघणार. पलीकडे बाबुराव बिराजदार एकटेच राहत. निवृत्त तलाठी, खुब्याचं ऑपरेशन झालेले, हातात काठी. रोज जाऊन-येऊन असतं तर त्यांनी कुरकुर करत का होईना चालवून घेतलं असतं. पण अच्युतरावांच्या पायांत दिवसाचे दहाच किलोमीटर होते. रोज संध्याकाळी माघारी यायचं म्हटलं तर जत जन्मात येणार नव्हतं.

"लेखी द्या," बिराजदार म्हणाले.

अच्युतरावांनी तिथेच बसून लिहून दिलं. बिराजदारांनी चष्मा लावला.

"मुक्कामाचं ठिकाण लिहिलंय. कालावधी नाही."

"जायला आठ दिवस, यायला आठ. मधले किती ते..." अच्युतराव अडखळले. "मधले अक्कावर आहेत."

"कारण?"

"बहिणीची भेट."

"सख्खी?"

"सख्खी."

बिराजदारांनी कागद मांडीवर ठेवला. "अंगण येत नाही ना?"

"नाही. भिंतीच्या आतलं तेवढंच येतं."

"म्हणजे माझा शेवगा इथंच राहणार. नेमक्या आत्ता शेंगा धरल्यात त्याला." ते खिडकीशी गेले, शेवगा पाहून आले, परत खुर्चीत बसले. "तोडून न्या म्हणावं गल्लीला," असं म्हणून त्यांनी कागदावर 'हरकत नाही' लिहिलं आणि खाली तारीख टाकली. "पण सर, गावाची हद्द आली की मला आधी कळवायचं. न कळवता हद्द ओलांडलेली मला खपत नाही."

मंगळवारी सकाळी चहा झाल्यावर घर निघालं. शालनची कॉट अच्युतरावांनी खिडकीशी ओढून ठेवली होती. गल्ली मागे गेली, पाण्याची टाकी मागे गेली, मग दोन्ही अंगांना द्राक्षबागा लागल्या. 

"अहो," शालन म्हणाली, "आपण कुठं चाललोय?"

"अक्काकडं."

तिने डोळ्यांवर पदर घेतला. त्या दिवशी दुपारी तिने अर्धी भाकरी खाल्ली, आणि अच्युतरावांना वाटलं, पैसे वसूल झाले.

चार दिवस घर रस्त्याची डावी बाजू धरून चाललं. बिराजदार आपल्या खिडकीत खुर्ची टाकून बसत आणि हद्द आली की अच्युतरावांनी कळवायच्या आधी स्वतःच भिंतीवर काठीने दोनदा ठोकत. वाटेतली माणसं विचारत, "घर कुणाचं?" बिराजदार सांगत, "हुपरीकर-बिराजदार. मिरजेहून. जतला चाललंय." माणसं मान डोलावून म्हणत, "चढाला जपा." एका वस्तीवर बायकांनी घरातली पाण्याची टाकी भरून दिली आणि शालनच्या खिडकीतून आत डोकावून तिच्या अक्काला बरं वाटू दे म्हणून गेल्या.

पाचव्या दिवशी टायर गेला. मॅटवर आधीपासून काळा भुगा साठत होता, जळका वास येत होता, अच्युतराव ते न पाहिल्यासारखं करून मारत होते. एका फाट्याच्या अलीकडे टायर फाटला आणि घर उभं राहिलं. त्याच दुपारी भाचीचा फोन आला. "काका, आत्या तुमची वाट बघतीय. सारखं दाराकडं बघतीय. लवकर या." अच्युतराव जमिनीवर बसून राहिले. चार पैसे वाचवायला गेलो आणि हिच्या तोंडचा घास काढून घेतला, असं त्यांना वाटलं, आणि ते त्यांनी शालनला बोलूनही दाखवलं.

बिराजदार कुणाला न सांगता फाट्यावरच्या सायकलच्या दुकानापर्यंत काठी टेकत गेले. तीन तासांनी आले ते खांद्यावर दोन टायर घेऊन. "कडकवाले आहेत," ते म्हणाले. "एक बसवा. एक राहू द्या." मग आपल्या अर्ध्यात जाऊन त्यांनी दार लावून घेतलं, कारण खुबा दुखत होता आणि ते त्यांना दाखवायचं नव्हतं.

पुढचे चढ दोन दिवस पुरले. चढाला थांबलं की घर मागे घसरतं, म्हणून मधली सपाटी येईपर्यंत उतरता येत नव्हतं. अच्युतरावांचा श्वास आतल्या खोलीत ऐकू जात होता.

"अहो, राहू द्या आता," शालन म्हणाली. "इथवर आले, तेवढं पुष्कळ झालं. तुम्हाला काही झालं तर मी काय करू?"

"गप्प बस!" अच्युतराव ओरडले. बेचाळीस वर्षांच्या संसारात ते पहिल्यांदा तिच्यावर ओरडले. नंतर तिला पाणी द्यायला गेले तेव्हा तिने त्यांचा हात बराच वेळ सोडला नाही.

नवव्या दिवशी सकाळी घर जतमध्ये शिरलं. अक्काची गल्ली अरुंद, नव्याने काँक्रीट केलेली, आणि चढाची. भाचीने अक्काची कॉट खिडकीशी आणून ठेवली होती. बिराजदार खाली उतरले आणि काठी वर करून उलटे चालू लागले. "येऊ द्या... येऊ द्या... हँडल जरा डावीकडं... येऊ द्या... बास!" दोन खिडक्यांमध्ये वीतभर अंतर राहिलं.

अच्युतरावांनी पाय थांबवले तसं घर मागे घसरायला लागलं. बिराजदारांनी धावपळ करून घराला मागून दगडाची उटी लावली, टेकण म्हणून. दगड गुळगुळीत काँक्रीटवरून घराबरोबर खाली आला. दुसरा मोठा दगड लावला, तोही आला. अच्युतरावांनी पुन्हा पायडल धरलं आणि घर वर आणलं. अगदी एका लयीत मारलं की घर पुढेही जात नव्हतं आणि मागेही येत नव्हतं, एवढं त्यांना कळलं.

"बोला तुम्ही," त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून सांगितलं.

शालनने गजांतून हात घालून अक्काचं तोंड जवळ घेतलं. "अक्का! मी शालन!"

"कोण? शालन व्हय?" अक्काचे डोळे तिच्यावर ठरले. "किती वाळलीस गं."

"तूसुद्धा."

"आलीस कशानं?"

"घरानं आले."

"बरं केलंस," अक्का म्हणाली.

अर्धा तास झाला. एक तास झाला. बिराजदारांनी येऊन अच्युतरावांच्या तोंडाला पाण्याचा तांब्या लावला आणि हळूच विचारलं, "किती वेळ?"

"त्यांचं होईपर्यंत."

मांड्या पेटल्या होत्या, डावा गुडघा करकरत होता. आतल्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. आधी शालनचा, मग अक्काचा, खोकल्यातून आलेला. शालनचं हसणं अच्युतरावांनी दोन वर्षांत ऐकलं नव्हतं. त्यांना रडू फुटलं. त्यांनी घामाबरोबर तेही पुसून टाकलं.

"अहो," शालनने हाक मारली, "दमला असाल तर सांगा. आत्ता माझ्या बारशाचं चाललंय. शाळेचं राहिलंय, लग्नाचं राहिलंय."

"सगळं होऊ दे," अच्युतराव म्हणाले. त्यांनी गिअर एकाने हलका केला आणि पायडल मारत राहिले.