जाळीदार वाण

“दाजी, हे कसंय?” एवढाच प्रश्न अक्षदाने, म्हणजे रामप्रसादच्या मेहुणीने, विचारला होता. सोबत एका गेम खेळायच्या कन्सोलचा फोटो होता. दुसरा एखादा माणूस असता तर ‘भारी’ असं लिहून त्याने फोन बाजूला ठेवला असता. पण रामप्रसाद वाळूजच्या एका कंपनीत माल तपासायला होता. आलेली वस्तू हातात घ्यायची, उलटीपालटी करायची आणि नापास करायची, हे त्याचं पोटापाण्याचं काम होतं आणि आवडीचंही तेच होतं. सिडकोतल्या आपल्या घरात त्याने कूलरसमोर मांडी घातली, फोन तोंडाजवळ धरला आणि बोलायला सुरुवात केली.

त्याच्याकडे स्वतःचं कन्सोल नव्हतं. कंपनीतला मित्र सुदर्शन, त्याच्याकडे सणासुदीला जायचं, थोडा वेळ खेळायचं आणि त्यातही बराच वेळ गाडी भिंतीला धडकवत बसायचं, एवढाच काय तो अनुभव. मतं मात्र गोदाम भरून होती. घरात आणि कंपनीत ती ऐकून घ्यायला कुणी थांबत नसे, त्यामुळे माल तुंबला होता.

“हे बघ अक्षदा, पहिली गोष्ट म्हणजे रंग. पांढरा. ज्यानं हा काढला त्याच्या घरी कुणी चहा पीत नसंल. दुसरं, ह्याला हवा कुठून लागायची? मागं एवढीशी फट ठेवलीय. आपल्याकडच्या उन्हाळ्यात माणूस टिकत नाय, ह्या डबड्याचं काय? दोन्ही अंगाला चांगली मोठी भोकं पाहिजे होती. तिसरं ते हातात धरायचं हँडल. वायर काढून टाकली म्हणे. लई शहाणे. आता ते सोफ्याखाली जातं आन् सगळं घर शोधत बसतं. दोरी पाहिजे त्याला. आन् गेम तर काय, खेळायच्या आधी इतका वेळ गोष्ट सांगतात की मला खेळायचंय का कीर्तनाला बसायचंय तेच कळंना.”

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. बटणं, दिवे, खोक्यावरची चित्रं, सगळ्यांचा समाचार घेऊन झाला तेव्हा फोन गरम झाला होता. तो संदेश त्याने पाठवला आणि बऱ्याच दिवसांनी मन हलकं झाल्यासारखं त्याला वाटलं.

पिठाचे हात तसेच घेऊन शालू स्वयंपाकघरातून बाहेर आली. “कुणाला सांगताय एवढं?”

“तुझ्या बहिणीला. तिनं मत विचारलं.”

शालू मटकन खाली बसली. “अहो, धोंड्याचा महिना चालू आहे.”

“मग?”

“मग काय मग. नानांनी वाण म्हणून तेच घेऊन ठेवलंय तुमच्यासाठी. सांगू नको म्हणून माझ्याकडून शपथ घेतली होती. जावयाला तोंडावर विचारायचं नसतं, म्हणून अक्षदाला अंदाज घ्यायला लावला असंल.”

यंदा अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला होता. अधिकात लेकीला आणि जावयाला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि ताटात वाण द्यायचं, ही रीत. जावयाने काही मागायचं नाही, मिळेल त्यावर बोलायचं नाही. रामप्रसादला लग्नाच्या आधीपासून कन्सोल हवं होतं. त्याने विषय काढला की शालू ‘आधी वॉशिंग मशीन’ म्हणायची. आणि आता ते कन्सोल पडेगावात सासऱ्यांच्या कपाटात त्याची वाट बघत होतं, आणि ह्या पठ्ठ्याने त्याला नावं ठेवून ठेवून नागवं केलं होतं.

त्याने घाईघाईने संदेश पुसायला घेतला. तोवर अक्षदाचं उत्तर आलं. ‘नानांनी सगळं ऐकलं. परत लाव म्हणले.’

मग रामप्रसादने दुसरा संदेश पाठवला. त्यात त्याने शब्द फिरवला. पांढरा रंग म्हणजे शांत असतो, फट लहान असली तरी पुरते, दोरी नसली की हात मोकळा राहतो, असं बरंच काही तो घाम पुसत बोलला. ह्या संदेशाचं उत्तर जरा वेळाने आलं. ‘दाजी, नाना म्हणले जावई मोठ्या मनाचा आहे. आपल्याला वाईट वाटू नाय म्हणून गोड बोलतोय. तुम्ही काळजी करू नका. मी बघून घेतो म्हणले.’

“बघून घेतो म्हणजे काय करतील?” रामप्रसादने विचारलं.

“मला काय माहीत,” शालू म्हणाली. “आता तरी गप बसा.”

गप्प बसणं त्याला जमलं, स्वस्थ बसणं जमेना. नाना ते दुकानात परत देतील, दुसऱ्या कुणाला देतील, त्याऐवजी मिक्सर आणतील, असे विचार डोक्यात फिरत राहिले. कंपनीत त्याचं लक्ष लागेना आणि समोर येईल तो माल तो पास करत सुटला. कामगारांना वाटलं साहेबांच्या घरी पाळणा हलणार, आणि दोघांनी येऊन अभिनंदनही केलं. रात्री तो उठून पाणी प्यायचा, कूलरचं तोंड फिरवायचा, परत झोपायचा. शेवटी न राहवून एका दुपारी सुट्टी टाकून त्याने मोटारसायकल पडेगावकडे काढली.

सासरे कडूबा, म्हणजे नाना, यांचं आयुष्य मेंढरांमागे गेलं होतं. आता ते पडेगावात मुलाजवळ राहायचे आणि घरामागच्या मोकळ्या जागेत चार शेळ्या पाळून होते. मुलगा रामहरी दौलताबाद रस्त्याला खिडक्यांच्या जाळ्या आणि लोखंडी गेट बनवायचा. रामप्रसाद पोहोचला तेव्हा घरी एकट्या सासूबाई, बानाबाई, होत्या. जावयाशी थेट बोलायची त्यांना सवय नव्हती. पदर सारखा करून त्या शेळीकडे बघत बोलल्या.

“पाव्हणं उन्हाचं कसं काय आले म्हणावं?”

“इकडं काम होतं, म्हटलं मामांना भेटावं.”

“ते नायत म्हणावं घरी. रामहरीच्या शेडवर गेलेत. सकाळधरनं तिथंच आहेत.”

“शेडवर काय काम काढलं?”

“आत्ताच सांगू नाय म्हणलेत,” बानाबाई शेळीला म्हणाल्या आणि ताक आणायला आत गेल्या.

ताक पिताना रामप्रसादचा जीव थोडा खाली बसला. शेड म्हणजे लोखंडाचं काम. म्हणजे कन्सोल ठेवायला स्टँड बनत असणार. वस्तू परत गेलेली नाही, हे नक्की. परतताना तो शीळ घालत आला आणि घरी शालूसमोर स्टँडची उंची किती असावी यावर बोलणार होता, पण ओठावर आलेलं त्याने गिळलं.

रविवारी जेवण होतं. पाय धुवायला पाणी, बसायला पाट, कपाळाला गंध, सगळं रीतसर झालं. धोंड्यांवर तुपाची धार पडत होती आणि रामप्रसाद दाराकडे बघत घास गिळत होता. किती खाल्लं याचा त्याला पत्ता नव्हता. आग्रहाला तो नाही म्हणेना, तेव्हा बानाबाईंना वाटलं पाव्हण्यांना पदार्थ फारच आवडला, आणि त्यांनी अजून दोन वाढले.

शेवटी कडूबा उठले. आतून त्यांनी स्वतःच्या हातांनी पितळी ताट आणलं. ताटात तुपाचा दिवा होता, अनारसे होते आणि मधोमध एक चॉकलेटी रंगाची पेटी होती. गेटला देतात तो चकचकीत ऑइलपेंट. दोन्ही अंगांना भोकंच भोकं. पेटीशेजारी कंट्रोलर होता आणि त्याला शेळी बांधायची सुती दोरी पक्क्या गाठीने बांधलेली होती. हे काय आहे ते रामप्रसादला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तोंडातला घास तोंडातच राहिला.

“पाव्हणं,” कडूबा म्हणाले, “तुमचं बोलणं मी सगळं ऐकलं. तीनदा ऐकलं. एकेक शब्द खरा होता. कंपनीवाल्यांना अक्कल नाय, त्याला आपण काय करणार. पण घरात पोरगा कारागीर असताना जावयाला अर्धवट वस्तू का द्यावी?”

“दाजी, भोकं मोजून मारलीत,” रामहरी अभिमानाने म्हणाला. “तेहतीस. पार आतपत्तर ड्रिलचं बिट घातलं, म्हणजे हवा आरपार जाती.”

आता बानाबाईंना राहवलं नाही. त्या अनारशांकडे बघून बोलल्या. “अधिकातलं वाण जाळीदार लागतं. बत्तासं असू द्या, नायतर अनारसं असू द्या. मशीन द्यायचं म्हणलं तवा माझ्या जिवाला घोर लागला होता, त्याला कुठं जाळी आहे? मंग पाव्हण्यांनीच सांगितलं भोकं पायजेत म्हणून. म्हणलं, शिकल्याला माणूस असून शास्त्र जाणतो.”

रामप्रसादला रडू येईल असं वाटलं, आणि कशाचं येतंय ते त्याला नीट कळेना. लग्नाआधीपासून मनात धरलेली वस्तू समोर ताटात मरून पडली होती, त्याचं दुःख होतंच. पण समोर उभ्या असलेल्या म्हाताऱ्याने त्याचं बोलणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं होतं. तेही तीनदा. इतक्या वर्षांत असं कुणीच केलं नव्हतं. शालूनेही नाही.

“काय राहिलं असंल तर सांगा,” कडूबा म्हणाले. “शेड उघडंच आहे.”

“काही नाही राहिलं, मामा. लई झकास झालंय.”

“मंग लावा की. बघू तरी.”

“इथं नको,” शालू पटकन म्हणाली. “आमच्या टीव्हीलाच चालतं ते.”

घरी येऊन रामप्रसादने वायर जोडली, बटण दाबलं, देवाचं नाव घेतलं, परत दाबलं. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी तो पैठणगेटच्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेला. दुरुस्तीवाल्याने पेटी उजेडाकडे धरली आणि एका भोकातून आरपार पलीकडच्या रसवंतीकडे पाहिलं.

“मियाँ, इसपे छर्रे चले क्या?”

“नहीं, ससुराल से आया है.”

“अंदर का पूरा बोर्ड छलनी कर डाले. इत्ते छेद कायकू मारे?”

“हवा के लिए.”

दुरुस्तीवाल्याने पेटी दोन्ही हातांनी परत दिली. “ले जाओ भाई. ससुराल से बना के रखो. बडे जालिम लोगां दिखते.”

रामप्रसादने ती घरी आणून टीव्हीखाली ठेवली. खरं सांगायचं त्याने दोनदा ठरवलं. पण कडूबांचा फोन आला की पहिला प्रश्न ‘गरम तर होत नाय ना?’ असा असायचा. आणि त्याला अगदी खरं उत्तर देता येत होतं की नाही मामा, अजिबात गरम होत नाही. अशाने गोष्ट तिथंच राहिली, आणि एका दुपारी कडूबांनीच फोन केला की मी कोपऱ्यावर रिक्षातून उतरलोय, पाव्हणं कसं खेळतात ते डोळ्यांनी बघायचंय.

धावपळ उडाली. शालूने डोकं चालवलं. डासांच्या औषधाचं मशीन तिने पेटीच्या मागे लावलं, त्यामुळे भोकांतून लाल उजेड दिसायला लागला. मग फोनवरून टीव्हीवर कुणीतरी खेळलेल्या गेमचा लांबलचक व्हिडिओ सुरू केला, आवाज बंद केला, आणि फोन पदराखाली घेऊन दाराशी उभी राहिली. रामप्रसाद कंट्रोलर हातात धरून, दोरी मांडीवर घेऊन बसला. कडूबा आले, टेकले आणि पेटीकडे बघून खूश झाले.

“उजेड कसा बाहीर येतोय. हवा खेळती म्हणायची.”

टीव्हीवर एक माणूस घोड्यावरून माळरान तुडवत चालला होता. रामप्रसाद अंगठे हलवत होता. मध्येच माळरान गेलं आणि जाहिरातीतली एक बाई भांडी घासायला लागली.

“हे काय?”

“ही विश्रांती, मामा. घोड्याला दम खायला.”

“हे बरं केलंय,” कडूबा म्हणाले.

भांडी घासून झाली आणि घोडा परत पळायला लागला. कडूबांना हळूहळू मतं सुचायला लागली. एवढ्या उन्हात ह्या गड्याने कोट का घातलाय? गवत एवढं वाढलंय तर चरायला कुणीच कसं आणत नाही? खोगिराचा पट्टा ढिला आहे, जनावराची पाठ सोलून निघेल. रामप्रसाद प्रत्येक गोष्टीला हो म्हणत होता. त्याच्या पाठीवरून घाम वाहत होता. मग कडूबा पुढे सरकले.

“घोडं तहानलंय, पाव्हणं.”

“पुढं आहे पाणी.”

“पुढं कशाला? ती काय नदी, उजव्या अंगाला. वळवा.”

घोडा सरळ गेला.

“वळवा की.”

“वळतोय, मामा, जरा जड आहे हँडल.”

“मुकं जनावर आहे ते,” कडूबांचा आवाज खाली आला. “सकाळधरनं पळतंय आन् कुणी इचारत नाय. मी तुमचं सगळं ऐकलं. माझं एवढंच ऐका.”

आता रामप्रसाद खरोखरच बटणं दाबायला लागला. सगळी दाबली. हा घोडा कुठल्या तरी देशात, कुणीतरी, कधीच पळवून झाला होता, हे कळत असूनही तो दाबत राहिला. घोडा वळला नाही. सासऱ्यांच्या तोंडाकडे त्याला बघवेना. शेवटी त्याने कंट्रोलर खाली ठेवला आणि म्हणाला, “मामा, तुम्हाला एक सांगायचं होतं.”

तेवढ्यात घोडा मंदावला. उजवीकडे वळला, उतार उतरला, पाण्यात चार पावलं गेला आणि त्याने मान खाली घातली.

रामप्रसादने तोंड मिटलं आणि कंट्रोलर चटकन परत हातात घेतला.

“बघितलं का शालू,” कडूबा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. “बोलल्याबरोबर वळवलं. रामहरीला सांगून सांगून माझी जीभ झिजली, एक ऐकंल तर शपथ. आता घाई नका करू, पाव्हणं. पोटभर पिऊ द्या त्याला.”

शालूने पदराखाली फोनवर बोट ठेवलं. घोडा पाण्यात तोंड घालून जागच्या जागी थांबला. तिघंही घोड्याकडे बघत बसले, आणि बऱ्याच वेळाने कडूबांनी मान हलवली.

“हां. झालं त्याचं. चला आता.”