राखीव : पहाटे साडेतीन ते सकाळी साडेनऊ

दिनांक १२ फेब्रुवारी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी फोरमननी आपली नोंदवही उघडली आणि 'पोट साफ' या रकान्यात सलग चौथे शून्य लिहिले. यंत्रशाळेतून निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षे झाली होती, तरी घरात सगळे, अगदी पत्नीसुद्धा, त्यांना फोरमनच म्हणत. शून्य हा आकडा त्यांना कामाच्या कोणत्याही रकान्यात सहन होत नसे.

त्यांनी औषधाचे दुकान गाठले. दुकानातल्या बाईंनी पोटात दुखते का, उलट्या होतात का, रक्त पडते का, दुसरी औषधे चालू आहेत का, हे सगळे विचारून घेतले आणि मगच गोळ्यांचे पाकीट पुढे केले. "रात्री एकच घ्या काका. पाण्याबरोबर, दुधाबरोबर नको. सहा ते बारा तास लागतात. उशीर झाला म्हणून दुसरी घ्यायची नाही."

फोरमनना बाई पटल्या. कामाची मुदत आधी सांगणारी माणसे हल्ली मिळतात कुठे?

अडचण वेगळीच होती. घरात माणसे पाच आणि संडास एक. गोळी रात्री साडेनऊला घेतली, तर बोलावणे पहाटे साडेतीन ते सकाळी साडेनऊ यांमध्ये केव्हाही येणार. आणि नेमकी तेव्हाच सूनबाई आत असली तर? यंत्रशाळेत यावर चोख उपाय होता. दुरुस्तीला जाणारा माणूस यंत्राच्या विजेच्या खटक्याला स्वतःचे कुलूप घाली, वर पाटी अडकवी आणि किल्ली आपल्याजवळ ठेवी. त्या रात्री गोळी घेऊन फोरमननी संडासाच्या कडीला कुलूप घातले आणि 'राखीव'ची पाटी वेळेसकट अडकवली. दोन्ही किल्ल्या त्यांनी एकाच कड्यात ओवून सदऱ्याच्या खिशात टाकल्या. दुसरी किल्ली दुसऱ्याच्या हाती गेली की अपघात ठरलेला, हे त्यांनी शिकाऊ उमेदवारांना तीस वर्षे शिकवले होते.

सकाळी मुलगा पाटीसमोर बराच वेळ उभा राहिला. "फोरमन, आम्ही काय करायचं?"

"साडेनऊपर्यंत कळ काढायची."

मुलगा चपला घालून जिना उतरला. पाठोपाठ सूनबाई, मग नात, शेवटी पत्नी. प्रत्येकजण दहा मिनिटांत प्रसन्न चेहऱ्याने परतला. सगळी मोकळ्या हवेत मन रमवून येत आहेत, असे समजून फोरमन सुखावले. घराला एकदाची शिस्त लागली.

साडेआठ वाजले तरी पोट ढिम्म. त्यांचा हात गोळ्यांच्या पाकिटाकडे वळला. पण मुदत संपण्याआधी तगादा लावणे त्यांच्या तत्त्वात बसेना. त्यांनी पेलाभर पाणी घेतले, अंघोळ केली आणि स्वच्छ सदरा चढवला.

नऊ वाजून सोळा मिनिटांनी पोटात गडगडले. फोरमननी घड्याळाकडे कौतुकाने पाहिले आणि खिशात हात घातला. खिसा रिकामा होता.

"माझा कालचा सदरा?"

"मशीनमध्ये," पत्नी म्हणाली. "रोज टाकते तसा टाकला."

काचेच्या दारामागे सदरा गरगर फिरत होता आणि फेऱ्यागणिक किल्ल्या खणखणत होत्या. अडतीस मिनिटे बाकी होती, आणि आत पाणी असेपर्यंत ते दार उघडत नसे. मुलगा हातोडी घेऊन आला. "कुलूप तोडू?"

"ते तुटत नाही," फोरमन भिंतीला टेकून म्हणाले. "मी तपासून आणलंय."

"मग खाली जा. आम्ही सगळे तिकडेच जाऊन आलो."

खाली म्हणजे शिवणवाल्या बाईंकडे. त्यांच्या मशीनच्या ठकठकाटाबद्दल फोरमननी दोन वर्षांपूर्वी वेळांच्या तक्त्यासह तीन पानी तक्रार केली होती. तेव्हापासून अबोला होता. "या दारात पाऊल ठेवणार नाही," असे ते भर जिन्यात सर्वांदेखत बोलून बसले होते. पोटाने दुसरी कळ दिली. चौथ्या पायरीपर्यंत अब्रू सोबत होती. पुढे ती मागे पडली.

दार वाजवायच्या आत उघडले. "या," बाई म्हणाल्या. "चौघं येऊन गेली. तुमचीच वाट बघत होते. उजवीकडे."

आत शिरल्यावर फोरमनच्या लक्षात आले की मधली भिंत म्हणजे नुसती फळी होती आणि पलीकडे दोन हातांवर बाई बसल्या होत्या. चार दिवसांचे काम निःशब्द होणे शक्य नव्हते. ते श्वास रोखून अवघडून राहिले. तेवढ्यात फळीपलीकडे मशीन भरधाव सुरू झाले. ठकठकाट असा की घरात दुसरे काही ऐकू येणे शक्य नव्हते. ते बाहेर येईपर्यंत मशीन एकदाही थांबले नाही.

बाहेर आल्यावर त्यांची कसबी नजर सवयीने सुईकडे गेली. सुईखाली कापड नव्हते.

"मशीन रिकामं चालवू नये," ते हळूच म्हणाले. "झिजतं."

"कधी कधी चालवावं लागतं," बाई म्हणाल्या आणि दोरा ओवू लागल्या.

वर येऊन फोरमननी नोंदवही उघडली. गोळी १. लागलेला वेळ ११ तास ५१ मिनिटे. तक्रारी २, पोटाची आणि आवाजाची. निवारण २. शिल्लक ०.