मंडळी जेवली का?

माझे शेजारी हिराजीकाका लोकांकडून जुनी बनियनं मागून घेतात. भोकं पडलेली चालतात, पण सुती हवीत. जिते स्टेशनवर गाडीची वाट पाहणाऱ्या एका अनोळखी साहेबाची कॉलर मागून उलटून त्यांनी आतल्या बनियनची पट्टी वाचली होती. "पॉलिस्टर," म्हणून सोडून दिली. साहेबाचा चेहरा परीक्षेत नापास झाल्यासारखा झाला.

लावणी झाली की काका ही बनियनं भाताच्या खाचरात वीतभर खोल पुरतात आणि कापणीआधी पाणी काढलं की उकरतात. मातीतले जिवाणू सूत खातात. बनियन जितकं खाल्लेलं, तितकी माती जिवंत. हे त्यांना पेणच्या एका शेतकरी मेळाव्यात कळलं. तिथे सत्कार दोन तास चालले आणि माती दहा मिनिटं. नेमके त्या दहा मिनिटांत काका जागे होते. तेव्हापासून जिवाणूंना ते 'मंडळी' म्हणतात. उकरायला निघाले की म्हणतात, "बघू, मंडळी जेवली का."

खरं तर काकांची सगळी नोकरी खताच्या गोदामात गेली. "शेण भिंतीला, युरिया भाताला," ही त्यांची घोषणा. स्वतःच्या तीन खाचरांत त्यांनी तीस वर्षं गोणीशिवाय काही पडू दिलं नाही. विहिरीजवळचं चौथं, छोटं खाचर बायजाकाकूंचं. त्यात काकू डोक्यावरून शेणखताच्या पाट्या नेत.

"अगो, शेत सारवतेस का काय?" काका बांधावरून ओरडत.

"व्हय, सारवते. तुमच्या शेतात तर पायाला फरशी लागते."

घरातली माणसं, कोंबड्या, मांजर, सगळ्यांचं झाल्याशिवाय काकू जेवायला बसत नसत. त्यावरही काका हसायचे. "आता गांडुळांसाठी पण थांब!"

काकू गेल्या त्याच वर्षी तो मेळावा झाला. पहिल्या उकरणीत काकांच्या खाचरांतली तिन्ही बनियनं धुऊन घालण्याजोगी निघाली. एक त्यांनी घातलंही. काकूंच्या खाचरातून मात्र चाळण आली. हे सगळं त्यांनी अंगणातल्या दोरीवर चिठ्ठ्या लावून टांगलं. नेमके तेव्हाच पुतणीला बघायला रोह्याचे पाहुणे आले. "परिस्थिती बेताची दिसते," असं पुटपुटत ते चहा न घेता उठले.

"परिस्थिती नाय, पुरावा हाय तो!" काका त्यांच्या मागे धावले. लग्न अर्थातच दुसरीकडे जमलं.

तिसऱ्या वर्षी काकूंच्या खाचरातलं बनियनही बरंचसं शाबूत निघालं. शेण घालायला कोणी उरलं नव्हतं. काकांनी ते दोरीवर टांगलं नाही. "मंडळी उपाशी राहिली," एवढंच म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात पाहतो तर काकांच्या डोक्यावर शेणखताची पाटी आणि पाटीखाली काकूंच्या लुगड्याची चुंबळ. पाण्याला निघालेल्या बाया हसल्या. "काका, शेत सारवता का काय?"

"व्हय," म्हणून काका पुढे गेले.

दोन पावसाळे असे गेले. परवा त्यांनी मला उकरणीला साक्षीदार म्हणून बोलावलं. सकाळपासून कुदळ हातात होती, पण काकूंच्या खाचराशी हात चालेना. आधी बांध नीट केला, मग विहिरीचा रहाट तपासला, मग मला नसलेल्या सर्दीवर उपाय सांगितला. दारातून सून दोनदा ओरडली, "बाबा, भाकरी गार झाली! सकाळपासून चहा पण घेतला नाय तुम्ही!" काकांनी ऐकलं नाही.

दुपारी तीनला एकदाचं उकरलं. हाताला चार धागे लागले आणि गळ्यामागची, माप लिहिलेली नायलॉनची पट्टी. बाकी काही नाही. काका ती पट्टी धोतराला बराच वेळ पुसत राहिले.

"तुमच्या तीन खाचरांचं काय?" मी विचारलं.

"तिथं पण पाट्या टाकतोय. वेळ लागंल." पट्टी त्यांनी खिशात ठेवली आणि घराकडे तोंड करून हाक दिली,

"वाढ गो! सगळ्यांचं झालं."