शिरोडकर मामींचं नाक

चारकोपच्या आमच्या बिल्डिंगमध्ये सकाळी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं, की समोर शिरोडकर मामी एका नाकपुडीतून पाणी घालून दुसरीतून काढत उभ्या असतात. मान वाकडी, हातात तोटीचं भांडं, खाली बादली. तशातही बोलणं चालूच. "शुभा, आज दूध उशिरा गं!" हे वाक्य नाकातल्या पाण्यासकट कसं ऐकू येतं, ते आमचा अख्खा मजला जाणतो.

मामी विमा कचेरीतून निवृत्त झालेल्या. मामा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी बंगलोरला. इतरांना सायनसचा त्रास असतो, मामींचा सायनसशी उभा दावा आहे.

सेक्रेटरी साठ्यांनी एकदा नोटीस लावली, 'पॅसेजमध्ये नाक धुण्यास मनाई आहे.' मामी सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभ्या राहिल्या. "जिन्यात गुटखा थुंकलेला चालतो आणि माझं नाक चालत नाही? एक थेंब बादलीबाहेर पडला असेल तर दाखवा!"

"अहो, घरात मोरी नाही का तुमच्या?" साठे म्हणाले.

"आहे ना. पण मोरीत बोलायला कोण आहे?"

नोटीस काढून टाकली गेली.

बिल्डिंगमध्ये कुणी शिंकलं की मामी हजर. माझ्या नवऱ्याचं डोकं धरलं, नाक चोंदलं, तेव्हा त्याने ड्रॉवरमधून मागच्या आजारपणातल्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या काढल्या. मामींनी त्या हातातून हिसकावल्या. "विषाणूची सर्दी आहे ती, ह्या गोळीला भीक घालत नाही! चेहऱ्याच्या हाडात पोकळ्या असतात रे. त्यांची दारं सुजली की आत पाणी तुंबतं. दारं उघड. वाफ घे, झोप काढ, मिठाच्या पाण्याने नाक धू. पाणी उकळून गार केलेलं. नळाचं घातलंस तर माझ्याशी गाठ आहे! आणि ताप चढला, डोळा सुजला, तर मात्र तडक डॉक्टर."

स्वतःच्या बाबतीत मात्र डॉक्टरचं नाव काढायची सोय नव्हती. अंधेरीच्या एका डॉक्टरांनी फार पूर्वी सांगितलं होतं, नाकात मांस वाढलंय, ऑपरेशन करू. "माझ्या नाकात दुर्बीण घालणारा अजून जन्मायचाय," असं म्हणून मामी उठून आल्या. पुढे वास येणंच बंद झालं. एकदा गॅसवर दूध जळून कोळसा झालं. धुराने मजला गोळा झाला, तर ह्या दाराकडे पाठ करून पेपर वाचतायत.

"मामी, तुमचं दूध जळतंय!"

"मग बोंबलता काय? बंद करा ना!"

गेल्या दिवाळीनंतर मात्र सकाळी पॅसेज रिकामा दिसला. मी बेल वाजवली. मामींनी दार उघडलं, तर उजवा डोळा सुजून मिटलेला, अंग तापाने फणफणलेलं.

"चला, खाली रिक्षा थांबवते."

"माका शिकवू नको. दुसऱ्या डोळ्याने दिसतंय मला."

"मी नाही शिकवत. ताप चढला, डोळा सुजला, तर तडक डॉक्टर. कुणी सांगितलं होतं?"

मामींनी उघड्या डोळ्याने माझ्याकडे असं काही पाहिलं की मी एक पाऊल मागे सरले. मग त्यांनी चप्पल घातली.

हॉस्पिटलात तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पेशंटसोबत कोण?"

"मीच आहे माझ्यासोबत. काय ते मला सांगा."

त्यांनी सांगितलं. सायनसमधला जंतुसंसर्ग डोळ्याभोवती पसरला होता. अजून उशीर झाला असता तर दृष्टीवर बेतलं असतं. आता शिरेतून अँटिबायोटिक, सूज उतरली की ऑपरेशन.

"अँटिबायोटिक नको, हे मी सगळ्यांना शिकवते," मामी गुरगुरल्या.

"बरोबर शिकवता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. " पण ही सर्दी नाही, मामी."

मामी माझ्या कानात म्हणाल्या, "पोरगी बरी आहे. तोंडावर सांगते."

"मुलीला कळवू?" मी विचारलं.

"सूज उतरू दे. हा डोळा बघितला तर पोर रडेल."

सूज उतरली, मुलगी आली, ऑपरेशनही झालं. जाताना तिने बंगलोरला यायचा आग्रह केला. मामींनी तो उडवून लावला.

पुढे काही आठवड्यांनी, दुपारी मी बोंबील तळत होते. बेल वाजली. दारात मामी.

"बोंबील ना?"

"हो! वास आला तुम्हाला? या, जेवायला बसा."

"जेवायला नाही आले. वास घ्यायला आले." स्टूल ओढून त्या ओट्याशी बसल्या. डोळे मिटून नुसत्या श्वास घेत राहिल्या. मग म्हणाल्या, "मामा गेल्यावर एकटीसाठी फोडणी घालावीशीच वाटेना गं. मग वासही गेला. बरंच झालं म्हटलं, कुणी विचारलं तर सांगायला कारण झालं."

मी झारा धरून नुसती उभी.

मामींनी डोळे उघडले. "माझ्या तोंडाकडे काय बघतेस? उलट ते, करपतायत!"