आत्या उजेडात येतात

पाणीपट्टी कचेरीतले वरिष्ठ लिपिक शनिवारी दुपारी घरी आले, तेव्हा त्यांच्या बगलेत बारा सीएफएल दिव्यांचं खोकं होतं आणि चेहऱ्यावर नवा पंथ सापडलेल्या माणसाचं तेज होतं.

आदल्या दिवशी कचेरीत ऊर्जाबचतीवर व्याख्यान झालं होतं. कचेरीतलं व्याख्यान म्हणजे पंख्याखाली डोळे मिटून बसण्याची सरकारमान्य संधी. पण या व्याख्यात्यानं टेबलावर एक फळी उभी केली. फळीवर एक जुना पिवळा बल्ब, एक नवा वेटोळ्याचा दिवा आणि दोघांखाली एकेक मीटर. जुन्याच्या मीटरची चकती भूत मागे लागल्यासारखी गरगरत होती. नव्याची निवृत्त माणूस बागेत फिरतो तशी रमतगमत चालली होती. "जुना बल्ब हा दिवा नाही, शेगडी आहे!" असं व्याख्याता ओरडला आणि लिपिक दचकून जागे झाले. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी पहिल्यांदाच काहीतरी टिपून घेतलं.

"अहो, आहेत ते चांगले चालू आहेत की," बायको म्हणाली.

"चालू आहेत हेच तर दुखणं आहे. बंद असते तर वीज कशाला खाल्ली असती?"

या तर्कापुढे बायकोनं हात टेकले आणि स्टूल धरलं. दुकानदारानं लिपिकांना "पिवळी छटा हवी की पांढरी?" असं विचारलं होतं. त्यावर "ज्यात काम होईल ती द्या, छटा काय करायच्यात?" असं उत्तर त्यांनी दिलं होतं. तेव्हा दुकानदारानं फळीच्या मागून हे खोकं काढून, वरची धूळ फुंकून त्यांच्या हातात ठेवलं. खोक्यावर कंपनीचं नाव नव्हतं. नुसता सूर्य छापलेला होता, आणि तोही हसत नव्हता.

चार वाजेपर्यंत बाराही दिवे बसवून झाले. परतीचे दोर कापावेत म्हणून लिपिकांनी जुने बल्ब लगोलग भंगारवाल्याच्या गाडीत टाकून दिले.

घरात माणसं चार. लिपिक, बायको, कॉलेजात शिकणारी मुलगी आणि लिपिकांच्या आत्या. आत्यांचं वय पंच्याहत्तर, दात स्वतःचे, कान मात्र गेलेले. बारा वर्षांपूर्वी एका सर्दीत त्यांच्या कानांना दडे बसले, ते काही सुटले नाहीत. डॉक्टर थकले, थेंब संपले. घरानं थोडे दिवस हळहळ केली आणि मग त्यातली सोय ओळखली. आत्यांच्या देखत काहीही बोलता येत असे. भांडायचं असो की कुणाची निंदा करायची असो, दार लावायची गरज उरली नाही. आत्या आपल्या खुर्चीत बसून सगळ्यांकडे बघत मंद हसत राहायच्या.

संध्याकाळी सात वाजता लिपिकांनी सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावून बटण दाबलं. दिवा दोनदा मिचमिचला, थोडा विचारात पडला आणि मग हळूहळू उजळू लागला. उजेड पडला खरा. पण तो न धुतलेल्या टाकीच्या तळातून गाळून आल्यासारखा होता.

"बाबा, हे काय? मत्स्यालयात बसल्यासारखं वाटतंय," मुलगी म्हणाली.

"डोळ्यांना सवय होईल."

सवय व्हायच्या आत डोळ्यांना भलतंच दिसू लागलं. मागच्या वर्षी एका रंगात रंगवलेली भिंत दोन रंगांची निघाली. छताच्या कोपऱ्यात कोळ्यांची तिसरी पिढी नांदत होती. न्हाणीघरातला दिवा तर इतका आळशी, की आत गेलेल्या माणसाचं काम उरकून तो बाहेर आला, की मग हा पूर्ण पेटायचा.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायकोची हाक आली. "अहो, इकडे या आधी! हे दूध बघा!"

पातेल्यातलं दूध हिरवट दिसत होतं. लिपिकांनी वास घेतला. वास दुधाचाच होता, पण डोळ्यांपुढे नाकाचं कोण ऐकतो?

"नासलंय वाटतं."

"नासलं की फाटतं. हिरवं कशानं होईल? काहीतरी पडलंय यात, पाल नाहीतर दुसरं काही!" बायकोचा आवाज चढला. "आणि आत्यांनी आत्ताच पेलाभर पिऊन टाकलं की हो!"

बाहेर खुर्ची करकरली. पाठ करून बसलेल्या आत्या पंच्याहत्तरीला न शोभणाऱ्या चपळाईनं उठल्या आणि थेट आरशासमोर जाऊन उभ्या राहिल्या. न ऐकणारं माणूस नेमकं याच क्षणी आरशाकडे का धावलं, हा प्रश्न त्या गडबडीत कुणालाच पडला नाही. कारण पुढच्याच क्षणी आत्यांनी किंकाळी फोडली.

आरशात एक हिरवट-करडा चेहरा होता. ओठ जांभळे, डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

"मेले!" आत्या म्हणाल्या आणि पलंगावर आडव्या झाल्या.

लिपिकांनी त्यांचा चेहरा पाहिला आणि ते धावत पलंगापाशी गेले. मुलगी चपला न घालताच खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना आणायला धावली. ती परत येईपर्यंत आत्यांनी पुतण्याचा हात घट्ट धरून ठेवला होता.

"बाब्या, जाण्याआधी मन मोकळं करायचंय. मला ऐकू येतं."

लिपिकांना आधी वाटलं, वरून बोलावणं ऐकू येतंय. "काय ऐकू येतंय, आत्या?" त्यांनी सवयीनं खुणा करत विचारलं.

"हातवारे नको करूस, मेल्या. सगळं ऐकू येतं. बारा वर्षं येतंय."

बायकोनं पलंगाचा कठडा धरला.

"सर्दीचे दडे पाचव्या दिवशी सुटले होते," आत्या छताकडे बघत सांगू लागल्या. "तुम्हाला सांगणारच होते. पण त्याच वेळी तुम्ही दोघं माझ्यासमोर भांडायला लागलात. इतकं रंगलं होतं, की म्हटलं, हे संपू दे, मग सांगू. ते काही संपलंच नाही."

"आत्या, तुम्ही आता बोलू नका, दम लागेल," बायको घाईघाईनं म्हणाली.

"तू मला 'तोफ' म्हणतेस."

"मी? छे! ते... ते कौतुकानं."

"'तोफेला एवढी भूक लागते कशी?' यात कौतुक कुठं होतं गं?" आत्यांनी मान वळवली. "आणि बाब्या, तू माझी खोली टेपनं मोजलीस. मी आत असताना. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्यांदा तर मला पाय उचलायला लावलेस."

निवृत्तीनंतर त्या खोलीत टेबल बसेल का, एवढंच लिपिकांना पाहायचं होतं. हे वाक्य मनात जितकं निरुपद्रवी होतं, तितकं बाहेर काढण्याजोगं नव्हतं.

डॉक्टरांना घेऊन मुलगी खोली मोजण्याच्या वाक्यालाच दारात पोहोचली होती; आत आली, ती नेमकी पुढच्या वाक्याला. "आणि ही पोरगी माझ्या खोलीत बसून तासन् तास त्या गिटारवाल्याशी बोलते. परवा तर पळून जायची तारीख ठरत होती."

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला असावा. त्या उजेडात फरक कळला नाही.

"कोण गिटारवाला?" लिपिक गरजले.

"ते मग, बाबा. आधी खोली मोजण्याचं बघू."

"आधी पेशंट बघू," डॉक्टर म्हणाले आणि पलंगापाशी बसले. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, पापण्या ओढून पाहिल्या. पाहता पाहता त्यांच्या कपाळावर आठी उमटली. मग त्यांची नजर बायकोकडे गेली, तिथून मुलीकडे, शेवटी लिपिकांकडे. आठी एकाची तीन झाली.

"जिन्यात मुलीनं सांगितलं ते दूध तुम्ही सगळ्यांनी घेतलंय?"

"नाही हो. मी तर दुपारपासून नुसता चहा घेतलाय," लिपिक म्हणाले.

"चहात काय घालता?"

"दूध."

डॉक्टरांनी गंभीरपणे मान हलवली आणि औषध लिहायला पेन काढलं. कागदावर हात ठेवला आणि ते थांबले. त्यांची स्वतःची नखं निळी होती. त्यांनी तळहात उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.

"जरा खुर्ची द्या," ते क्षीण आवाजात म्हणाले. "मी तर तुमच्याकडे पाणीसुद्धा प्यायलो नाही!"

"हवेतून लागत असेल," बायको म्हणाली. डॉक्टरांनी रुमाल काढून नाकाला लावला आणि दुसऱ्या हातानं स्वतःची नाडी धरली. पेशंटची नाडी मोजताना कधी घड्याळाकडे न बघणारा तो माणूस आता सेकंदकाट्यावर डोळे रोखून बसला होता.

तेवढ्यात वीज गेली.

अंधारात कुणीतरी हुंदका दिला. आत्यांचा असावा असं सगळ्यांना वाटलं, पण तो डॉक्टरांचा होता. मुलीनं चाचपडत मेणबत्ती शोधली आणि पेटवून पलंगाच्या उशाशी ठेवली. पिवळा, ऊबदार उजेड आत्यांच्या तोंडावर पडला.

आत्या गुलाबी होत्या. गाल टवटवीत, ओठ लाल. डॉक्टरांनी मेणबत्ती उचलून लिपिकांच्या तोंडाजवळ नेली, मग बायकोच्या, मग स्वतःच्या नखांपाशी. नखांना चटका बसेपर्यंत त्यांनी ती धरून ठेवली. बायको स्वयंपाकघरातून पातेलं घेऊन आली. दूध पांढरंशुभ्र होतं.

डॉक्टर सावकाश वर बघत म्हणाले, "हे वरचे दिवे कधी लावलेत?"

"आजच," लिपिक म्हणाले. "विजेची बचत होते."

डॉक्टरांनी बॅग आवरली. जाताना ते एवढंच म्हणाले, की हा प्रसंग इमारतीत कुणाला सांगितला नाहीत तर तपासणीची फी माफ.

दार लागलं. चौघं मेणबत्तीभोवती बसून राहिले. कुणी कुणाकडे बघेना. मरणार म्हणून केलेला कबुलीजबाब मरण रद्द झाल्यावर मागे कसा घ्यायचा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी लिपिकांनी घसा खाकरला.

"आत्या, ते खोलीचं जरा समजून घे. मी नुसतं—"

आत्यांनी पुतण्याकडे बघून मंद हसत कानामागे हात नेला. "काही म्हणालास का रे?"

बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं मुलीकडे पाहिलं. मुलीनं, आपल्या भल्याचा विचार करून, सगळ्यात आधी तोंड उघडलं. "आत्याआजीला ऐकू येत नाही, बाबा. बिचारी घाबरून काहीही बडबडत होती."

"काहीही," लिपिक लगेच म्हणाले.

"वातात बोलतात माणसं," बायकोनं शिक्कामोर्तब केलं.

रविवारी सकाळी लिपिक पुन्हा दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "साहेब, छटा विचारली तेव्हा कुठं होतात? बचत पिवळ्यातही तेवढीच होते." या वेळी लिपिकांनी प्रत्येक दिवा दुकानातच लावून, त्याखाली आपला तळहात धरून पाहिला. मागे चार गिऱ्हाइकं खोळंबली, पण ते हलले नाहीत.

दुपारी ते आत्यांच्या खोलीत स्टुलावर चढले. बायकोनं स्टूल धरलं होतं. मुलगी दिवा हातात देत होती. कालपासून ती फोनवर गच्चीत जाऊन बोलत होती. आत्या खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या. नवा दिवा लागला आणि खोली लोण्यासारख्या मऊ उजेडानं भरली.

"किती छान दिसते नाही ही खोली?" बायको मोकळ्या आवाजात म्हणाली. "आत्यांमुळेच शोभा आहे हो तिला."

"तर काय!" लिपिक छताला उद्देशून बोलले. "इथं टेबलबिबल ठेवायचं म्हणजे नुसता विचका. आत्यासारखं माणूस घरात आहे, हे आपलं नशीब."

"आणि खाणं तरी किती बेताचं! चिमणीएवढं!"

आत्यांनी एक डोळा उघडला, तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि खुर्ची थोडी पुढे ओढून घेतली.

"काय पुटपुटताय रे सगळे?" त्या म्हणाल्या. "जरा मोठ्यानं बोला की. मला मेलीला काही ऐकू येत नाही."